चुकांची दुरुस्ती : बैठक नावाचा व्यायाम

नोव्हेंबर महिना उजाडला की शाखेत निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला २०१४ सालापासून अंगठ्याच्या ठशावर, डिजिटल पद्धतीने देण्याची सोय झाली असली, तरी पुष्कळ ज्येष्ठ ग्राहक आजही शाखेत येऊन, समोर बसून, दोन शब्द बोलून तो देणेच पसंत करतात. माझ्या टेबलासमोरच्या खुर्च्यांना हात नाहीत. त्यामुळे काम संपल्यावर उठण्याची वेळ आली की प्रत्येकाची तऱ्हा दिसते. कुणी टेबलाची कड धरतात, कुणी काठीवर भार देतात, तर कुणी खुर्चीच्या कडेवर सरकून दोन झोके घेतात आणि तिसऱ्या झोक्याला उभे राहतात.

आमच्या बडोद्याच्या शाखेत दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ असेच आले. आपल्याच बँकेतून दफ्तरी म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. सही केली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि दोन्ही हात मोकळे ठेवून, मधल्या बोटाने चश्मा वर सरकवत, सहज उभे राहिले. त्याच वेळी मीही त्यांना निरोप देण्यासाठी उठलो, तो मात्र उजव्या गुडघ्यावर हात दाबून. माझे वय तेव्हा चौतीस होते. त्यांनी ते पाहिले आणि विचारले, "साहेब, गुडघा का?" मी होकार दिला. "बैठका मारता?" मी म्हणालो, "मारत होतो, म्हणून तर दुखतो." त्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "गुडघ्याला दोष देऊ नका. टाच कुठं जाते ते बघा आधी."

प्रस्तुत लेख त्या एका वाक्यातून सुरू झालेल्या शोधाचा आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर आणि दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसणारा अधिकारी आहे. परंतु पुढे अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे जाऊन, त्यांच्या देखरेखीखाली स्वतःच्या शरीरावर जे पडताळून पाहिले, ते माझ्यासारख्या बैठ्या कामाच्या सहकाऱ्यांना व ग्राहकांना उपयोगी पडेल असे वाटते.

माझी चूक एकटीच नव्हती. गुडघा दुखू लागण्याआधीच्या उत्साहात मी गावी असलेल्या वडिलांनाही दूरध्वनीवरून बैठकांचा उपदेश केला होता. अण्णांचे वय तेव्हा सहासष्ट. पाटावर जेवायला बसल्यावर उठताना त्यांना आधार लागू लागला होता. मी त्यांना एक ऐकीव नियम ठासून सांगितला : "काहीही झाले तरी गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका." ते शिस्तीचे गृहस्थ, भिंतीवर नियम लिहून ठेवावा तसा त्यांनी तो पाळला. दहाव्या दिवशी आईचा फोन आला, "तुझ्या सांगण्यानं कंबर धरलीय त्यांची. कूस बदलता येईना." पुढचे दोन आठवडे ते अंथरुणावर होते. नियम कुठे चुकला हे मला बरेच उशिरा समजले. ते पुढे ओघाने येईलच.

दोन बैठका, दोन रीती

मराठी माणसाला बैठक नवी नाही. जोर आणि बैठका ही तालमीची बाराखडी. बडोद्याचा तर या विद्येशी जुना ऋणानुबंध आहे. प्रा. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर याच शहरातील, आणि द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' हाही गेल्या शतकाच्या पूर्वार्धात येथूनच प्रसिद्ध झाला.

तालमीतील पारंपरिक बैठक आणि आजच्या व्यायामशाळेत 'स्क्वॉट' म्हणून शिकविली जाणारी बैठक यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. पारंपरिक बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो, हातांचा झोका असतो आणि लय वेगवान असते. पैलवान ती स्वतःच्या वजनावर, लहानपणापासून सवय करीत, शेकड्यांनी मारतो. व्यायामशाळेतील बैठकीत तळवा पूर्ण जमिनीला टेकलेला राहतो, गती संथ असते आणि पुढे खांद्यावर वजन घ्यायचे असते. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. घोटाळा होतो तो एकीचे नियम दुसरीला लावल्याने. खांद्यावर लोखंड आणि टाचा हवेत, अशी मिश्र बैठक मी जवळजवळ चार महिने मारीत होतो. शिकविणारा तरुण मोजणी करीत असे, पायांकडे पाहत नसे. यापुढे 'बैठक' म्हणजे तळवा टेकून केलेली बैठक, असे वाचकांनी समजावे.

फरक एका पानावर, चूक दुसऱ्या पानावर

वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'चुकांची दुरुस्ती' हे प्रकरण आठवत असेल. तेरीज जुळत नाही तेव्हा फरक दिसतो एका ठिकाणी आणि चूक असते भलतीकडेच, बहुधा मूळ नोंदीत. संगणकपूर्व काळातील आमचे ज्येष्ठ सहकारी सांगतात की, काही पैशांच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत खतावण्या चाळाव्या लागत. फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाणे सोपे असे, पण चूक तेथेच राही.

गुडघेदुखीचे बव्हंशी तसेच आहे. बैठक मारताना तीन सांधे एकत्र वाकतात : घोटा, गुडघा आणि खुबा. घोटा आणि खुबा हे दोन्ही अनेक दिशांना हलणारे. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा, मागेपुढे वाकणारा. वरचा किंवा खालचा सांधा आपल्या वाट्याची हालचाल देईनासा झाला की तूट मधल्या गुडघ्याला किंवा कंबरेला भरून काढावी लागते. वेदना तेथे होते, म्हणून मलम तेथे लावले जाते. मीही तेच केले होते.

टाच

शरीराचा तोल राखायचा तर वजनाचा मध्य तळव्यांच्या वरच राहिला पाहिजे. खाली बसताना नितंब मागे जातात, तेव्हा तोल सांभाळण्यासाठी काहीतरी पुढे यावेच लागते. हे काम प्रामुख्याने नडगी करते : घोट्यातून ती पुढे झुकते आणि गुडघा पुढे येतो. पोटरीचे स्नायू आखडलेले असतील किंवा घोट्याचा सांधाच ताठर असेल, तर नडगी झुकत नाही. मग शरीरापुढे तीनच वाटा उरतात. टाच उचलायची, धड फार पुढे वाकवायचे, नाहीतर मागे पडायचे. टाच उचलली की आधाराचा पाया निम्म्याहून लहान होतो, तोल डगमगतो आणि भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर व गुडघ्याच्या वाटीवर एकवटतो. वजन नसताना, सवयीने, हे चालून जाते. खांद्यावर वजन असताना त्याची किंमत मोजावी लागते.

घोट्याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभे राहावे. एका पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण दहा सेंटिमीटर अंतरावर ठेवावा आणि टाच न उचलता त्याच पायाचा गुडघा सरळ पुढे नेऊन भिंतीला टेकवावा. टेकला तर घोटा सर्वसाधारण बैठकीसाठी पुरेसा मोकळा आहे. टेकला नाही तर पाऊल हळूहळू पुढे सरकवावे आणि किती अंतरावर टेकतो ते मोजावे. मग दुसरा पाय.

दोन पायांतील फरक हाच खरा बोलका आकडा. माझा डावा घोटा दहा सेंटिमीटरला टेकला, उजवा सहाला. महाविद्यालयात असताना जिन्यावरून घसरून उजवा पाय मुरगळला होता, आठ दिवस लंगडून मी तो विसरून गेलो होतो. घोटा विसरला नव्हता. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची ती एक नोंद कुणी दुरुस्तच केली नव्हती, आणि व्याज उजव्या गुडघ्याच्या नावे पडत होते.

यावर उपाय दोन प्रकारचे. पहिला तात्काळचा. टाचांखाली दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची, न सरकणारी फळी घ्यावी. यात कमीपणा काही नाही. वजन उचलण्याच्या स्पर्धेतील खेळाडूंच्या बुटांनाही याच कारणासाठी उंच, कठीण टाच असते. पावले खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित अधिक फाकून बोटे थोडी बाहेर वळविली तरी पुष्कळांची टाच टेकते. दुसरा उपाय सावकाशीचा. भिंतीची परीक्षा हाच व्यायाम समजून रोज प्रत्येक पायाने दहा-पंधरा वेळा करावी, आणि भिंतीला हात टेकून, मागचा पाय सरळ ठेवून, पोटरी तीस सेकंद ताणावी. ताण मागे पोटरीत जाणवला तर ठीक. घोट्याच्या पुढच्या बाजूस चिमटा बसल्यासारखे वाटले तर मात्र अडथळा सांध्यात असू शकतो. तेथे जबरदस्ती न करता तज्ज्ञाला दाखवावे. माझ्या उजव्या घोट्याने सहावरून नऊ सेंटिमीटरपर्यंत यायला तीन महिने घेतले.

एक अवांतर निरीक्षण. धान्य निवडायला, चुलीपुढे, परसाकडेला उकिडवे बसणाऱ्या आपल्या आधीच्या पिढ्यांना ही परीक्षा द्यावी लागली नसती. त्यांचे घोटे दिवसातून अनेकदा पूर्ण वाकत. आपण जेवणाचे टेबल आणले, कमोड आणला, उंच टाचेचे बूट आणले. त्यांची सोय मोठी आहे आणि मी ती सोडणार नाही. परंतु घोट्याचे ते काम आता वेगळा वेळ काढून करावे लागते.

आत वळणारे गुडघे

बैठक मारताना समोरून मोबाईलवर चित्रण करून पाहिले तर आणखी एक दोष अनेकांत दिसतो, विशेषतः खालून वर येताना : गुडघे एकमेकांकडे झुकतात. आरशात तो निसटतो, कारण वर येताना आपले लक्ष श्वासाकडे किंवा मोजणीकडे असते.

बिजागरी सरळ रेषेत फिरावी म्हणून केलेली असते. दार तिरके दाबून उघडत राहिले तर खिळे ढिले होतात. गुडघा पुनःपुन्हा आत पडत राहिला तर वाटीची मांडीच्या हाडावरील घसरण तिरकी होते आणि सांध्याच्या बाजूच्या अस्थिबंधांवर ताण येतो. कारण मात्र पुन्हा वर किंवा खाली असते. वर असेल तर खुब्याच्या बाहेरील अंगाचे स्नायू, जे मांडी बाहेर धरून ठेवतात, ते दिवसभर खुर्चीत दबून आळसावलेले असतात. खाली असेल तर तळव्याची कमान कोसळलेली असते आणि तिच्यामागोमाग नडगी व गुडघा आत येतात.

येथे मला सर्वांत उपयोगी पडलेली सूचना तळव्याची आहे. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ हे तीन बिंदू बैठक संपेपर्यंत जमिनीवर सारखे दाबलेले ठेवावेत. तिपाई जशी तीन पायांवर उभी राहते तसा तळवा. बोटे पंधरा ते तीस अंश बाहेर वळवावीत आणि गुडघा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या दिशेने जाऊ द्यावा. गुडघे आत पडण्याची सवय जुनी असेल तर मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या किंचित वर, एखादी ओढणी सैलसर बांधावी आणि बैठकभर ती बाहेर दाबून ताणलेली ठेवावी. ओढणी सैल पडली की चूक त्याच क्षणी कळते. तोंडी सूचना दहा वेळा देऊनही न सुधारलेले गुडघे या ओढणीने आठवड्याभरात सरळ झालेले मी माझ्या दोन सहकाऱ्यांत पाहिले आहेत.

गुडघा बोटांच्या पुढे जावा का?

आता अण्णांच्या कंबरेकडे येतो.

गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये, हा नियम इतक्या ठिकाणी, इतक्या अधिकारवाणीने सांगितला जातो की त्याची तपासणी करावी असे सहसा कुणाला वाटत नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात पुरुषांना स्वतःच्या वजनाइतका भार खांद्यावर देऊन दोन प्रकारे बैठका मारायला सांगितल्या. एकदा मोकळेपणाने, आणि एकदा पायांपुढे फळी उभी करून, जेणेकरून गुडघे पुढे जाऊ नयेत. फळी असताना गुडघ्यावरील पीळ सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला. एवढेच ऐकले तर नियम खराच वाटतो. परंतु त्याच वेळी खुब्यावरील पीळ सुमारे २८ वरून ३०० च्या पुढे गेला, कारण गुडघे अडविल्यावर तोल राखण्यासाठी धड फार पुढे झुकवावे लागले. गुडघ्याच्या खात्यातील थोडी बचत खुब्याच्या आणि पाठीच्या खात्यात अनेक पटींनी नावे टाकली गेली. सात माणसांचा अभ्यास लहान आहे हे खरे. पण तोलाचे गणित वर पाहिलेच आहे आणि ते याहून वेगळे सांगत नाही.

अण्णांचे नेमके हेच झाले. गुडघे जागच्या जागी रोवून ते नितंब मागे नेत, तोल जाऊ नये म्हणून छाती जवळजवळ मांड्यांवर आणत आणि मग त्या वाकलेल्या कमरेच्या जोरावर उठत. सहासष्ट वर्षांच्या पाठीने दहा दिवस ते सोसले. मी समोर असतो तर कदाचित दिसले असते. दूरध्वनीवरून फक्त त्यांचा उत्साह ऐकू येत होता.

तेव्हा नियम असा हवा : टाच टेकलेली असेल आणि गुडघा पावलाच्या दिशेत असेल तर तो बोटांच्या थोडा पुढे गेला तरी चालेल. ज्यांच्या मांडीचे हाड धडाच्या मानाने लांब असते त्यांचा गुडघा अधिक पुढे जातो, किंवा धड अधिक झुकते. ती त्यांची ठेवण आहे, चूक नव्हे. उंच मनुष्याने बुटक्या मित्राच्या बैठकीची नक्कल करू नये. ज्यांच्या वाटीमागे आधीपासून दुखते त्यांनी मात्र गुडघा फार पुढे नेण्याचे आणि फार खोल जाण्याचे टाळावे, आणि दुखणार नाही एवढ्याच मर्यादेत काम करावे.

धड फार झुकत असेल तर एक साधी युक्ती आहे. दोन-तीन किलोचे ओझे, उदाहरणार्थ पाण्याने भरलेली मोठी बाटली, दोन्ही हातांनी छातीपाशी धरावी. वजन वाढूनही बैठक सोपी होते. पुढचे हे ओझे मागे गेलेल्या नितंबांचा तोल सांभाळते आणि धड आपोआप सरळ राहते. प्रथम करून पाहिले तेव्हा मला हे हिशेबाविरुद्ध वाटले होते.

किती खाली जावे

अर्ध्यावर थांबावे की पूर्ण बसावे, यावरही मतभेद आहेत. टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी १९६१ साली असे मत मांडले की, पूर्ण खोल बैठकांनी गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात. त्याचा परिणाम दूरवर झाला आणि कित्येक ठिकाणी खोल बैठका बंद झाल्या. नंतरच्या संशोधकांना निरोगी गुडघ्यांत असा सैलपणा आढळला नाही. तरीही भीती मागे उरली, जशी एखाद्या ग्राहकाच्या मनात जुन्या कुठल्याशा अफवेची उरते.

खोलीची खरी मर्यादा बहुधा कंबर ठरविते. बाजूने चित्रण करावे. खाली जाताना एका टप्प्यावर कंबरेची नैसर्गिक खोलगट रेषा पुसली जाते आणि माकडहाड खाली, आत वळते. हाच तो टप्पा. वजन घेतलेले असेल तर त्याच्या चार बोटे वर थांबावे. तेथे पाट किंवा ठोकळा ठेवला की शरीराला खूण मिळते. वजन नसताना पाठ किंचित गोल झाली तर घाबरण्याचे कारण नाही. उकिडवे बसलेल्या प्रत्येकाची पाठ गोल असते. पण ते बसणे विसाव्याचे आहे, ओझे उचलण्याचे नव्हे.

किरकोळ चुका थोडक्यात सांगतो. धपकन खाली जाऊन उसळीने वर येऊ नये. खाली जायला दोन-तीन सेकंद द्यावेत. मान वर करून छताकडे पाहू नये, दृष्टी समोर ठेवावी. वर आल्यावर गुडघे मागे ताठ ठोकू नयेत. उठताना नितंब आधी वर आणि छाती मागाहून, असे होऊ लागले की वजन जास्त झाले असे समजावे. श्वासाबाबत एवढेच की, रक्तदाब असलेल्यांनी तो कोंडून धरू नये. खाली जाताना घ्यावा, वर येताना सोडावा. संख्या एकदम वाढविणे मात्र किरकोळ नाही. सवय नसताना पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्यास स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. दोन दिवस मांड्या ठणकणे स्वाभाविक आहे. लघवीचा रंग गडद चहासारखा झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शिक्षा म्हणून मुलांना उठाबशा काढायला लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

साठीनंतर

ज्येष्ठ ग्राहकांनी थेट जमिनीचा ध्यास धरू नये. सुरुवात खुर्चीपासून करावी. साधारण सतरा इंच, म्हणजे त्रेचाळीस सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची घ्यावी. पावले थोडी मागे, गुडघ्यांच्या खाली घ्यावीत, हात छातीवर घडी घालावेत, आणि उभे राहून पुन्हा सावकाश बसावे. बसताना शेवटच्या वीतभर अंतरात अंग टाकून देण्याची सवय असते; खरे काम तेथेच आहे. जमत नसेल तर खुर्चीवर एक-दोन उशा ठेवून उंची वाढवावी आणि काही आठवड्यांनी एक उशी काढावी. आरंभी जवळ कुणी असावे.

हीच कृती तीस सेकंदांत किती वेळा होते, यावरून वृद्धांच्या पायांची ताकद आणि पडण्याचा धोका जोखण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. तेथील मोजमापानुसार ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांना १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर ती सरासरीहून खालची स्थिती मानतात. हे आकडे परीक्षेतील गुणांसारखे घेऊ नयेत. आपलाच दोन महिन्यांपूर्वीचा आकडा ताडून पाहण्यासाठी ते अधिक उपयोगी आहेत. स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस प्रौढांना आणि ज्येष्ठांना सारखीच लागू आहे. गुडघा सुजलेला असणे, मध्येच अडकणे, पाय लुळा पडल्यासारखा होणे, कंबरेतून पायात कळ उतरणे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणे, यांपैकी काहीही असेल तर लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.

अण्णांची कंबर बरी झाल्यावर त्यांना पुन्हा व्यायामाचे नाव काढायला मला धीर झाला नाही. रजा काढून आठ दिवस गावी राहिलो. पहिले दोन दिवस फक्त भिंतीपाशी घोटे मोजले, तिसऱ्या दिवशी खुर्ची आणि दोन उशा. आई बाजूला बसून मोजत असे आणि त्यांनी हात टेकला की ती उठाबशी रद्द धरीत असे. पहिल्या दिवशी तीस सेकंदांत सहा झाल्या. बडोद्याला परतल्यावर मी चित्रण मागवू लागलो, समोरून एक आणि बाजूने एक. बोलण्यावर विसंबायचे नाही, एवढे मी शिकलो होतो.

गेल्या दिवाळीत गावी पंगत जमिनीवरच होती. जेवण झाल्यावर अण्णा पाटावरून उठले. एक हात डाव्या गुडघ्यावर टेकला, भिंतीला मात्र नाही. मी चित्रण करावे म्हणून मोबाईल काढला, तर म्हणाले, "राहू दे ते. आधी ताटं उचल."